पत्र्यावरचा अँटेना

गंजलेला अँटेना आज भंगारवाल्याला दिला आणि कर्जतकडच्या घरातला तो रविवार आठवला. टीव्हीवर अवकाशात वाट चुकलेल्या माणसाची मालिका लागायची, वारा सुटला की वडील तापल्या पत्र्यावर अँटेना धरून उभे राहायचे, खालून ऐकू येईल तेवढीच गोष्ट त्यांची. थोरला भाऊ त्यांच्याशी भांडून घर सोडून गेला, तोच उन्हाळा. त्या रविवारी शेवटचा भाग होता, ऐन शेवटाला चित्र गेलं, पडद्यावर नुसत्या मुंग्या. वडिलांनी खाली येऊन विचारलं, "पोचला का गं गडी घरी?" त्यांच्याकडे न बघता आई म्हणाली, "पोचला की." त्यानंतर मरेपर्यंत वडिलांनी दाराला आतून कडी लावली नाही. मघाशी तोच भाग मोबाईलवर शोधून पाहिला, चित्र अगदी स्वच्छ. गडी पोचत नाही.