रिकाम्या डब्यावरून माणूस ओळखणारे सर

हडकोतल्या आमच्या गल्लीत साहेबराव सर राहतात. कॉलेजातून रिटायर झाले आणि लेखक झाले. वाचनालयात नव्या पोरांना कथा लिहायला शिकवतात. "स्वभाव सांगायचा नसतो, एखाद्या बारीक कृतीतून दाखवायचा असतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वाक्य खोटं नाही. फक्त कृती दिसली म्हणजे कळलीच, असं सरांना वाटतं.

मला सांगायचंय ते सरूबाईबद्दल. ती माझी शेजारीण. माहेर पिशोरचं. बन्सीभाऊंशी लग्न होऊन इथं आली, ते शेंद्र्याला कंपनीत होते. सरूबाई घरी फॉल-पिको करते. बोलणं कमी. साडी घेऊन गेलं की "ठेवा, उद्या न्या," एवढंच. बायकांना ती आखडू वाटते. मलाही पहिली दोन वर्षं वाटायची. मग माझ्या ऑपरेशनच्या वेळी ती आठ दिवस माझ्या घरचं पाणी भरून गेली. वर त्याचं नावही काढलं नाही.

दोन वर्षांमागं बन्सीभाऊ कामावरच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून गल्लीनं डबे दिले. सरांच्या घरून वहिनींनी पिठलं-भाकरी पाठवली. चौथ्या दिवशी सरूबाईनं डबा घासून परत नेऊन दिला. दारात सर होते. त्यांनी डबा घेतला आणि झाकण उघडून आत बघितलं.

आता शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्याकडची रीत. सरांनाही ती माहीत. पण सुतकातल्या घरचं बाहेर कोणी खात नाही, म्हणून तिथून डबा रिकामाच यायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. कसं असणार? पुरुषाला डबा आलेला कळतो. तो परत कसा जातो ते बायकांचं खातं.

यंदाच्या दिवाळी अंकात सरांची कथा आली, 'कोरडी' नावाची. त्यात पिकोच्या मशीनवर बसणारी बाई, नाकाजवळ तीळ, नवरा कंपनीत मेलेला. डोळ्यांत टिपूस नाही. आणि शेवटी ती शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत देते. 'त्या रिकाम्या डब्यात तिचं अख्खं काळीज होतं,' असं शेवटचं वाक्य. सरांनी ती पानं गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वर हात जोडलेले.

नेमकं तेव्हाच सरूबाईच्या लेकीचं, सायलीचं, करमाडच्या सुयशशी जुळत आलं होतं. कोणीतरी ती पानं तिकडं पाठवली. दुसऱ्याच दिवशी मुलाच्या आईचा, भागूबाईंचा निरोप आला, "थोडं थांबू."

सायलीनं आईला कथा वाचून दाखवली. सरूबाईनं सुई टोचून ठेवली आणि मला म्हणाली, "चला काकू. सरांकडं जायचंय."

सर खूश झाले. त्यांना वाटलं, वाचक आले.

"सरूबाई, ते पात्र काल्पनिक आहे हं."

"मशीन माझी, तीळ माझा, मेलेला मालक माझा. काल्पनिक ते काय ठेवलं तुमी?"

"अहो, एका कृतीतून माणूस उभा केलाय मी! मला फोन येताहेत."

"मला बी आला. करमाडहून. थांबा म्हणले."

मी म्हटलं, "सर, डबा कितव्या दिवशी आला होता?"

"त्यानं काय फरक पडतो?"

आतून वहिनी पदराला हात पुसत आल्या. "चौथ्या. सुतकाचं कोणी घेतं का? तिनं घालून दिलं असतं तर मीच परत पाठवलं असतं."

सर चिडले. "मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं कुठं? लिहायला बसलात की दार लावून घेता."

सरूबाई म्हणाली, "करमाडला एक फोन लावा. एवढंच सांगा, की तुमचं चुकलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "लेखक खुलासे देत नसतो."

त्या दिवशी माझी चतुर्थी होती, म्हणून तोंडात आलेलं गिळलं. पण इथं लिहिते. मेलेल्या माणसाच्या घरून आलेल्या डब्याचं झाकण उघडून बघणं हीसुद्धा कृतीच आहे. तिच्यातून कोणाचा स्वभाव दिसतो, हे सरांनी वाचनालयातल्या पोरांना एकदा विचारून बघावं.

सरूबाईनं मग स्वतःच करमाडला फोन लावला. "ऐकीव नका धरू. या, बसा, काय इचारायचं ते मला इचारा."

भागूबाई रविवारी आल्या. जाडजूड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बसल्या नाहीत तोच म्हणाल्या, "ते डब्याचं खरंय व्हय?"

"खरंय. रिकामा दिला."

"कधी?"

"चौथ्या दिवशी."

"अगं बाई! मग रिकामाच जाणार की! भरून दिला असता तर म्या सोयरीक मोडली असती." त्या माझ्याकडं वळल्या. "ह्यो लिवणारा शिकलेला हाये म्हणं?"

"लई शिकलेत," मी म्हटलं.

"आन् सरूबाई, लोकांम्होरं रडल्या नाय, ते?"

"नाय रडले."

भागूबाईंनी क्षणभर तिच्याकडं बघितलं. "बरं. चहा टाका. तारखेचं बोलू."

सरांचा कथासंग्रह येतोय. वहिनींनी डब्याचं बदला म्हटलं, तर म्हणाले, शेवट पडतो.

साखरपुडा गल्लीतच मांडव घालून झाला. सरांच्या घरी बोलावणं करायला सरूबाई स्वतः गेली. दारातूनच वहिनींना नावानं हाक मारली, फक्त त्यांनाच 'या' म्हणाली. सर बिनबोलावताच वहिनींच्या मागं आले आणि पंगतीत बसले. सरूबाई वाढत वाढत त्यांच्यापाशी आली. त्यांनी पानावर हात आडवा धरला. तिनं तो बाजूला करून पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं आणि पुढच्या पानाकडं गेली.