दुपारच्या डुलकीतलं दर्शन

तुकिरान मुजावराला सत्तावीस वर्षांत अवलियाचं स्वप्न एकदाही पडलं नव्हतं, आणि हे दुखणं त्याला कुणापुढे उघडही करता येत नव्हतं. अख्ख्या जावा बेटावरून माणसं टेकडीवरच्या अवलियाच्या दर्ग्यात यायची, कबरीपाशी तीन-तीन दिवस पथारी टाकायची आणि स्वप्न पडलं की धावत यायची ती त्याच्याकडेच. अर्थ सांगणार कोण? मुजावर! बिचाऱ्याने चाळीस-चाळीस दिवस नुसत्या बिनमिठाच्या भातावर काढून पाहिले. पोट खपाटीला गेलं, पण स्वप्नात दिसली ती तळलेली मासळी.

आणि ही लासिनेम! पायऱ्यांशी बसून शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेली भाजी विकणारी. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, नमाजालाही कायम उशीर. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बाईने खांबाला टेकून डुलकी काढली, आणि जागी झाली ती थेट तुकिरानपुढे हजर. सगळ्यांसारखी तीही त्याला 'पाक', म्हणजे बाबा, म्हणायची.

"पाक, हसू नका हं. ते आले होते! बाह्या सावरून शेजारी बसले, माझ्या हातातला वरवंटा घेतला नि म्हणाले, 'दमलीस गं, तू पड जरा.' आणि चटणी वाटायलाच लागले की!"

तुकिरानच्या अंगाचा तिळपापड झाला. इथे जन्म गेला माझा कबर झाडण्यात, आणि हे वरवंटा घेऊन बसतात हिच्यापाशी?

"ऊन लागलंय तुला," तो फणकारला. "अवलियाला दुसरे उद्योग नाहीत? कुठे बोलू नकोस, लोक तोंडात शेण घालतील."

तिचा चेहरा एवढासा झाला. ती आपल्या पायऱ्यांकडे परत गेली.

पुढच्याच आठवड्यात कबरीवरची चादर बदलायची होती. जुन्या चादरीचे तुकडे सगळ्यांनाच मिळतात, पण उशाकडच्या तुकड्याचा मान ज्याला त्या वर्षी दर्शन झालं त्याचा. जमलेल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "यंदा कुणाला दिसले?"

"मला," तुकिरान बोलून गेला. मग थांबणं कसलं! "माझ्या हातातला झाडू घेतला, म्हणाले, 'दमलास रे, तू पड जरा.'"

म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तो तुकडा त्याच्या खांद्यावर घातला. तेवढ्यात गर्दीतून लासिनेम वाट काढत येताना दिसली आणि तुकिरानला दरदरून घाम फुटला. आता ही चारचौघांत अब्रू काढणार!

"पाक!" ती रडत होती आणि हसतही होती. "तेच शब्द! मला म्हणाले तेच! तुम्हाला माझं खरं वाटलं नाही ना, म्हणून स्वतः आले बघा तुम्हाला सांगायला. एका भाजीवालीसाठी एवढी तसदी घेतली हो त्यांनी!"

तिने त्याच्या खांद्यावरचं कापड डोळ्यांना लावलं आणि आनंदाने मोठमोठ्याने सांगत पायऱ्या उतरून गेली.

तुकिरान जागचा हलला नाही. जळत राहिला. खोटं बोलला तो, आणि त्या खोट्यातूनही अवलिया गेला तो तिच्याकडेच.