गोऱ्या साहेबाचं पाणी

वाचून कुणी हसलं तरी चालेल. मी धम्म मानणारी, सरकारी नोकरीनं बेजार झालेली बाई... भूत, आत्मा, अंगात येणं असलं काही आमच्या घरात कधी चाललं नाही. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते. तरी हे घडलं, आणि तेही दिवसाढवळ्या.

लातूर जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबादहून ट्रक भरभरून दफ्तर यायचं आणि आम्ही कारकून मंडळी धूळ खात ते लावत बसायचो. त्यात दुष्काळ. टँकर आला की ऑफिसला उशीर, नाही आला की अंघोळीला रजा. अशात एक गठ्ठा निघाला. निजामाच्या काळात कुणी गोरा साहेब लेणी बघत, बुद्धाबद्दल विचारत गावोगाव हिंडला होता, त्याचे इंग्रजी कागद. सोमवारी ते मुंबईच्या गाडीत जायचे होते, आणि पानं नीट लावायचं काम आमच्या साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. म्हणजे रविवार गेला!

शनिवारी गठ्ठा घरी आणला. माय, म्हणजे माझी आई, देगलूरकडची. तिला सांगितलं काय आहे ते, तर ती हातातलं काम टाकून खाली बसली. मग म्हणाली, तिची आजी सांगायची... असाच एक गोरा भर उन्हात वस्तीवर आला होता, शेतात कुठं बुद्धाची मूर्ती निघाली का विचारत. त्यानं पाणी मागितलं. आमच्या लोकांनी दिलं नाही. नव्हतं म्हणून नाही — आपला हात लागलेलं पाणी साहेबाला पाजलं असं गावाला कळलं तर मार बसेल, या भीतीनं. तो तहानलेलाच गेला. आजीला ते मरेपर्यंत लागून राहिलं होतं.

तो हाच कशावरून? कागदात मायच्या गावाचं नावसुद्धा नव्हतं. पण मायला कोण सांगणार. घरात पिण्याचं जेमतेम हंडाभर पाणी, त्यातून आपल्या वाटचा गिलास भरून तिनं साहेबासाठी ठेवला. मी चिडले. नैवेद्य दाखवायला लागलीस का, म्हटलं. तर म्हणे, आल्या माणसाला आधी पाणी विचारतात, त्यात कसला आलाय देव?

पाणी जसंच्या तसं. रविवारी दुपारपर्यंत तसंच. मायचा चेहरा उतरला. उद्या गठ्ठा गेला की संपलं, एवढंच पुटपुटत होती. मला तिची कीवही येत होती आणि रागही. ऊन, धूळ, ते किचकट अक्षर... जीव मेटाकुटीला आलेला. वैतागून म्हटलं,

"इतकं लांब उंबऱ्यापाशी काय ठेवलंस? हात तरी पुरेल का त्याचा?"

मायनं गठ्ठ्याकडे बघितलं, मग गिलासाकडे. गठ्ठा आत भिंतीशी, आणि गिलास पार दाराजवळ. तिच्या आईनं, आजीनं जन्मभर गावातल्यांशी जेवढ्या लांब उभं राहून बोलायचं, तेवढ्या लांब तिनं तो ठेवला होता. तिचं तिलाच कळलं नव्हतं.

ती उठली. गिलास दोन्ही हातांत धरून गठ्ठ्याला अगदी लागून बसली.

"घ्या साहेब. माझ्या हातचं हाय. आता कोन मारत न्हाई."

...आणि पाणी खाली जायला लागलं. घोट घोट, माझ्या डोळ्यांदेखत. एक थेंब सांडला नाही. कागद कोरडे, फरशी कोरडी, तिचं लुगडं कोरडं. मी गिलास घेऊन उजेडात फिरवून पाहिला. कुठं चीर नाही, छिद्र नाही. फार भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

सोमवारी गठ्ठा मुंबईला गेला. ऑफिसात मी कुणाशी बोलले नाही. आमच्याच लोकांनी मला अंधश्रद्धाळू ठरवलं असतं. आता माय नाही. ते पाणी कुठं गेलं, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि खरं सांगू का, शोधायची ताकदही राहिली नाही.

त्या रविवारी दुपारी मायनं तोच गिलास न विसळता पुन्हा भरला. "मलाबी लई तहान लागली व्हती," म्हणाली, आणि एका दमात प्याली.