कोऱ्या पाकिटातली तबकडी

रेकॉर्डच्या कारखान्यात तिला सगळे ‘कानबाई’ म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर नुसतं ‘बाई’. कुठलीही नवी रेकॉर्ड हजारोंनी छापायच्या आधी तिच्या दोन-चार नमुना तबकड्या काढत आणि त्यातली एक बाईंच्या खोलीत येई, कोऱ्या पांढऱ्या पाकिटात, वर फक्त नंबर घालून. नाव मुद्दाम लिहीत नसत. नाव वाचलं की कान भुलतो, असा तिथला नियम होता. बाई हेडफोन लावायची, पेन्सिल हातात घ्यायची आणि ऐकायची. तिची सही झाल्याशिवाय यंत्र चालू होत नसे. बाईंच्या कानाजवळून मुंगीलासुद्धा चोरपावलांनी जाता येत नाही, अशी कामगार तिची थट्टा करत.

हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला ती एकच गोष्ट बजावायची: गाणं ऐकायचं नाही. गाण्यात जीव रमला की खरखर निसटलीच म्हणून समज. त्यामुळे झालं काय, की रॉकच्या त्या भरभराटीच्या वर्षांत जगानं डोक्यावर घेतलेले किती बँड सगळ्यांत आधी हिच्या कानावर पडले, आणि हिला एकाचंही गाणं गुणगुणता येत नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, “दुसऱ्या बाजूला जरा घरघर होती. ती काढायला लावली.”

आणि हिचा सख्खा भाऊ गिटार वाजवायचा.

तो नऊ वर्षांनी धाकटा. आई शिवणकाम करायची. तिच्या मशीनच्या चाकाचा एक दात तुटलेला होता, म्हणून ते लंगडत चालायचं. तीन टाके सरळ आणि चौथ्याला खट्. त्या तालावर ताटं-चमचे बडवत हा वाढला. पुढे गिटार आली, तीही विजेची, आणि वडिलांचं डोकं फिरलं. आई होती तोवर तिनं दोघांना सांभाळून घेतलं. ती गेली, मशीन भंगारात गेलं, आणि एका दुपारी वडिलांनी गिटार जिन्यावरून खाली फेकली. पाठोपाठ भाऊही खाली उतरला. वडील म्हणाले, “कडी लाव.” कडी लावली ती हिनं. खाली रस्त्यावर तो बराच वेळ वर बघत उभा होता, ते हिला खिडकीतून दिसत होतं.

येईल एक दिवस, रक्ताचं नातं आहे, असं ती धरून बसली. वडील वारल्यावरही स्वतः मात्र त्याला भेटायला गेली नाही. मोठ्यानं आधी कशाला जायचं, असलं काहीतरी खूळ माणसं डोक्यात घेऊन बसतात आणि चांगली चांगली वर्षं मातीत घालतात. हिनं अकरा घातली.

अकराव्या वर्षी एक पाकीट आलं. नेहमीसारखंच, कोरं. तबकडी एकंदर स्वच्छ होती. फक्त दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपल्यावर, थोड्या शांततेनंतर, बारीक टकटक ऐकू आली. बारा सेकंद, दर चौथ्या ठोक्याला जरा जोरात. ठरावीक अंतरानं येणारी टकटक म्हणजे साच्यावर ओरखडा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिनं चिठ्ठीवर लिहिलं: ‘दुसरी बाजू, शेवट. बारा सेकंद टकटक. दोष. काढावा.’ सही केली. चिठ्ठी तबकडीसकट परत गेली. आठवड्यानं सुधारलेला नमुना आला, तो पास झाला.

पुढच्या महिन्यात छापील पाकिटं आली. त्यावर चार लांब केसांची माणसं होती आणि उजवीकडून दुसरा तिचा भाऊ होता. तिनं पाकीट खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. मग तिला इतका अभिमान वाटला की विचारू नका. ती रेकॉर्ड गाजली. नंतरच्या प्रत्येक बँडनं यांच्यापासून काही ना काही उचललं, असं वर्तमानपत्रं लिहू लागली, आणि बाई ती कात्रणं कपाटात आतून चिकटवू लागली. ओळखीच्या माणसांना सांगायची, “एक डाग होता त्यात. मीच काढला.” आता तरी येईल, असं तिला वाटायचं. तो आला नाही.

तो वारला, ते तिला रेडिओवरून कळलं. तोवर कारखाना बंद होऊन वर्षं झाली होती आणि बाईंचा उजवा कानही गेल्यातच जमा होता. तीन आठवड्यांनी बँडचा ड्रमवाला, आता पुरता म्हातारा, सकाळीच गिटारची पेटी घेऊन दारात उभा राहिला. पेटीच्या अस्तरातून त्यानं एक कोरं पाकीट काढलं आणि त्यातून ती पहिली नमुना तबकडी आणि एक पिवळी पडलेली चिठ्ठी.

“ताई, हे अक्षर तुमचंच ना?”

तिनं मान हलवली.

“तो तुमच्या आईच्या मशीनचा आवाज होता. लहानपणी त्यानं टेप करून ठेवलेला. सगळ्यांत आधी ताई ऐकेल, म्हणायचा. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी चालेल, तिला कळेल, आणि ती मला बोलावेल.”

तिनं चिठ्ठी हातात घेतली. मग तिनं विचारलं, “चिठ्ठी वाचून काय म्हणाला?”

ड्रमवाल्यानं नजर चुकवली. “आम्ही भांडायला तयार होतो. तो म्हणाला, ताईचा कान कधी चुकत नाही. काढा.”

ड्रमवाला गेल्यावर तिनं प्लेअरवरची धूळ पुसली, ती नमुना तबकडी लावली, डावा कान स्पीकरला लावला आणि जन्मात पहिल्यांदा पेन्सिल न घेता ऐकायला बसली. गाणी फार चांगली होती. तिला ते आज कळलं. शेवटचं गाणं संपलं, शांतता झाली आणि आई शिवायला बसली. तीन टाके सरळ, चौथ्याला खट्. बाई ढसाढसा रडली.

मग तिनं पेन्सिल शोधली आणि त्याच चिठ्ठीवर, आपल्याच जुन्या सहीखाली लिहिलं: ‘पुन्हा ऐकलं. दोष ऐकणारीचा. आवाज ठेवावा.’ सही केली, तारीख घातली, आणि चिठ्ठी आता कुणाकडे पाठवायची ते न सुचून ती हातात धरून बसून राहिली.