नाक्यापर्यंतचा आरसा

शेजारचे भाऊ लाकडाचे ठेकेदार. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत. नजर जराशी वर, कपाळाच्याही वर. लोक त्याला पैशाचा माज म्हणायचे.

एकदा त्यांच्या लांबलचक परदेशी गाडीतून आलापल्लीला गेलो, तेव्हा मला कळलं. गाडी भाऊच चालवायचे. चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी कसं बसायचं, म्हणून वहिनी कायम मागं. भाऊंनी आरसा रस्त्याकडं नाही, त्यांच्याकडं वळवून ठेवलेला.

"झोप लागून राह्यली का तुले?" ते आरशाला विचारायचे.

"नाई जी, आयकून राह्यले," मागून उत्तर यायचं.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास वहिनी गेल्या. मग गाडी अंगणात नुसतीच उभी राहिली, रंग उडाला. शेवटी भाऊंनी ती सिरोंच्याकडच्या धर्मादाय दवाखान्याला देऊन टाकली.

"अडलेल्या बायकाइच्या तरी कामी येईन," एवढंच म्हणाले.

न्यायला आलेल्या ड्रायव्हरनं बसल्याबसल्या आरसा सरळ करायला हात वर नेला. भाऊ घाईनं खिडकीशी वाकले.

"राहू दे, बाबू. नाक्यापर्यंत तिच्याकडंच राहू दे. मंग फिरवजो."