ताईंचा वरवंटा

शकुंतलाताई आमच्या अंगणवाडीच्या सेविका आणि मी त्यांची मदतनीस. दर महिन्याला पोरांची वजनं करायची असली की काट्याच्या झोळीत त्या आधी आपल्या घरचा वरवंटा घालायच्या. नारायणगावच्या बाजारात तोलून आणलेला, बरोब्बर दोन किलोचा. काटा दोनावर थांबला तरच पोराला उचलायच्या. "आदी काट्याची परीक्षा, मग लेकराची," म्हणायच्या. मला हसू यायचं.

निवडणूक जवळ आली आणि एका पुढाऱ्याची लाडूतुला गावात ठरली. एका पारड्यात पुढारी, दुसऱ्यात बुंदीचे लाडू. त्याच मांडवात गाव कुपोषणमुक्त जाहीर व्हायचं होतं. अडचण एकच, चिमी. टोमॅटो तोडायला जाणाऱ्या बाईची दोन वर्षांची पोर, कमी वजनाच्या लाल यादीत. त्या यादीमुळे तिला रोज जादा अंडं मिळायचं.

"ताई, हिला हिरवी करा. वरून फोन आलाय," पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या.

"हिरवी केली की अंडं बंद, मॅडम. मग पोरगी जगंल का?"

मॅडम गेल्यावर ताईंनी माझा हात धरला. "लई भ्याव वाटतंय गं. पर माज्या भ्यानं लेकराचं वजन कसं वाढंल?"

त्यांनी चिमीच्या सात किलोचे सातच लिहिले. लाडूतुला झाली, घोषणा मात्र राहिली. पंधरा दिवसांत कामात कुचराई केली म्हणून ताईंना घरी बसवलं आणि त्यांच्या जागी मला घेतलं. जाताना वरवंटा त्या अंगणवाडीतच ठेवून गेल्या.

माझ्या पहिल्याच वजनाच्या दिवशी मॅडम दारात उभ्या. झोळीत वरवंटा घातला, काटा पाहिला, आणि वरवंटा न काढताच वर चिमीला बसवलं. काटा नवावर गेला. मॅडम हसल्या. दुसऱ्या दिवसापासून अंडं बंद झालं. तेव्हापासून चिमी नुसती खोकली तरी मला धडकी भरते.

गेल्या आठवड्यात ताई वाटेवरून सहज आत आल्या. चिमीला कडेवर घेतलं, हातानंच जरा तोलून पाहिलं. मग भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका पाहिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीला खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "वरवंटा तेवढा भाईर काढ गं."

उद्या वजनं आहेत. मॅडम येणार आहेत, आणि मी आत्तापासूनच वरवंटा हातात घेऊन बसलेय.