ट्रकखालचा टोमॅटो

माझी वहिनी वर्ला समुद्रकाठच्या ओल्या गावातून लग्न करून आमच्या उंचावरच्या, कोरड्या हार्नी काउंटीत आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिनं परसात टोमॅटो लावले. आम्ही पोट धरून हसलो. इथं जूनमध्ये दव गोठतं, ऑगस्टमध्ये पुन्हा गोठतं. दुपारी फाटकाची कडी चटका देते आणि रात्री रजईशिवाय डोळा लागत नाही. टोमॅटो हिरवेच तोडायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवायचे, तिथं ते लाल होतात. सगळी काउंटी तेच खाते.

"ते टोमॅटो नव्हेत," वर्ला म्हणायची. "झाडावर पिकलेला एकदा खा, मग बोल."

"लाल तो लाल," माझा भाऊ ऑर्विन म्हणायचा. "खणातला काय नि झाडावरचा काय."

लग्नापासून हेच भांडण. दर वर्षी ती झाडांवर चादरी घालायची आणि दर वर्षी एक रात्र येऊन सगळं काळं करून जायची. पण बाई हटेल तर शपथ.

आणि यंदा, जत्रेच्या आदल्या दिवशी, एक टोमॅटो लाल व्हायला लागला! पुरता नाही, देठाकडे अजून पिवळा. मी कामधाम टाकून तिथंच उभी. संध्याकाळी वारा पडला, ढग पांगले, आभाळ लख्ख झालं. आमच्याकडे आभाळ असं निरभ्र झालं की रात्री हमखास दव गोठतं. वर्ला घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी घेऊन धावत आली.

"चादरींनी नाही भागायचं गं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात ऑर्विनचा ट्रक परसात घुसला, थेट वाफ्यावर.

"मुडद्या, झाडं चिरडशील," मी ओरडले.

त्यानं चाकं वाफ्याच्या दोन्ही बाजूंना घेतली आणि इंजिन बरोबर त्या बुटक्या झाडावर आणून थांबवलं.

"इंजिन तापलंय," तो उतरत म्हणाला. "कडेनं चादरी सोडा. रडताय काय?"

रात्रीतून दोनदा उठून त्यानं ते पुन्हा तापवलं, हे वर्लानं मला नंतर सांगितलं.

सकाळी भोपळ्याचे वेल काळेठिक्कर पडले होते. ऑर्विननं ट्रक मागे घेतला. टोमॅटो देठापर्यंत लाल! मी नाचले, खरंच सांगते, या वयात.

जत्रेत आम्ही तो ताटलीत मांडला, तर भाजीच्या स्पर्धेच्या टेबलावरची बाई म्हणते, "बक्षिसाला एका ताटलीत तीन लागतात." मी तिला काय काय बोलले ते जाऊ दे. वर्लानं मात्र ताटली उचलून नवऱ्यापुढे धरली.

"घे, आता तूच खा."

त्यानं खिशातला चाकू काढला, एक फोड कापली आणि उभ्या उभ्या तोंडात टाकली. रस कोपरापर्यंत ओघळला. चावता चावता तो थांबला. मग दुसरी फोड कापून त्यानं तिच्या हातावर ठेवली.

"वर्ला," तो म्हणाला, "मग इतकी वर्षं आपण खात काय होतो?"

वर्लाचं तोंड भरलेलं होतं. तिनं पुढच्या फोडीसाठी हात पुढे केला.